आजोबांची कळ भरतीची वेळ पाळायची

चि. मिहीर आणि चि. अन्वी,

गेल्या पौषात व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला रोज सांगायचे, “आजोबा मजेत आहेत, झोपलेत.” ते खरं नव्हतं. खरं काय होतं ते आता लिहिते. या सदरात उघडपणे लिहिते आहे, कारण इथल्या वाचकांपैकी कुणाला कारण ठाऊक असेल तर मलाही कळू दे.

आधी माझ्याबद्दल एवढंच… मी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. दृष्ट काढणं, उतारा टाकणं, कौल लावणं – आमच्या घरात यातलं काही कधी झालं नाही. अमुक दिवशी प्रवास नको, असंही नाही. भरती-ओहोटीचा धडा आला की मी पाण्याने भरलेला पेला टेबलावर ठेवायचे आणि वर्गाला विचारायचे, “याला भरती का येत नाही?” मुलं बुचकळ्यात पडायची. मग मी समजावायचे की चंद्राची ओढ दिसायची तर समुद्राएवढा पसारा लागतो, पेलाभर पाण्याला त्याचं काही नाही. हे मी आजही तसंच शिकवेन. म्हणून तर पुढचं लिहिताना माझी पंचाईत होते आहे.

तुमच्या आजोबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन अलिबागला झालं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि लघवी झालीच नाही. चार तासांत पोट दगडासारखं टणक झालं. घामाने उशी ओली. शेवटी नळी पुन्हा घालावी लागली, तेव्हा ते ज्या आवाजात ओरडले तो आवाज मी बावन्न वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “घरी जा. बारा दिवसांनी या, पुन्हा काढून बघू. तेव्हाही नाही झाली तर आणखी एक ऑपरेशन.”

गाडीत बसल्यावर आजोबा म्हणाले, “दुसरं ऑपरेशन मी करून घेणार नाही. आत्ताच सांगतो.”

“मग?”

“मग काय… नळीसकट न्या मला.”

कुठे न्या, ते त्यांनी सांगितलं नाही. 

आपलं रेवदंड्याचं घर तुम्हाला आठवत असेल – सुपारीच्या वाडीत, आतल्या बाजूला. समुद्र चालत वीस मिनिटांवर. घरातून दिसत नाही, की ऐकूही येत नाही. आजोबा मूळचे पालीचे, डोंगराकडचे. चाळीस वर्षं इथे राहून त्यांना भरती कधी, ओहोटी कधी याचा पत्ता नाही. मासा ताटात आल्यावरच ओळखणारा माणूस!

नळी असताना मूत्राशय अधूनमधून आवळतं, त्याला डॉक्टर स्पॅझम म्हणतात. आजोबा नुसतं ‘कळ’ म्हणायचे. पहाटे एकदा आणि दुपारनंतर एकदा. कळ वीस-पंचवीस मिनिटांची, पण तिची भीती चोवीस तासांची. दर दहा मिनिटांनी विचारायचे, “आता येईल का गं?” लघवीच्या पिशवीवर पंचा झाकून ठेवायचे, कुणी आलं की डोळे मिटून घ्यायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी प्यायचं सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी कमी पडलं तर रक्ताची गुठळी नळीत अडकेल. मी तांब्या घेऊन उभी राहायचे, ते दोन घोट घेऊन तोंड फिरवायचे. “भरलं की आवळतं,” म्हणायचे.

मी माझ्या सवयीने वही केली. किती पाणी, किती लघवी, गोळी कधी, कळ कधी. पहाटेच्या वेळा मी अर्धवट झोपेत लिहायचे, म्हणून त्या धरत नव्हते. दुपारच्या मात्र घड्याळ बघून.

शुक्रवारी सकाळी चांगुणा मासे घेऊन मागच्या दारी आली. तुम्ही लहानपणी जिच्या टोपलीतल्या खेकड्याला घाबरून पळाला होतात, तीच. तिची धाकटी माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला ‘बाई’ म्हणते.

“आजोबांचा कसा हाय?”

मी वैतागलेली होते. “काय सांगू? मंगळवारी सव्वादोनला कळ आली. बुधवारी तीनला. काल पावणेचार.”

ती बोंबील मोजत होती. मान वरसुद्धा न करता म्हणाली, “मंग आज साडेचार.”

“तुला कसं कळलं?”

“ही तं भरतीची येळ हाय, बाई. परत्येक दिवशी पाऊन तास पुढं. तिथीची पाऊनपट करायची. आज सहावी तिथी – सायी पाऊन किती?”

“साडेचार,” मी म्हटलं. लहानपणी पाऊणकीचा पाढा मी तोंडपाठ केला होता. त्याचा असा उपयोग असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी हसले आणि विसरायचं ठरवलं. चार वाजून पस्तीस मिनिटांनी आजोबांनी पलंगाची कड धरली.

शनिवारी मी ठरवून बसले. त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. काल सहावी म्हणजे आज सातवी, साती पाऊण सव्वापाच. पाच वाजता मी भाजी निवडायला त्यांच्यासमोर बसले, तोंडावर काही दिसू नये अशा बेताने. सव्वापाच झाले. काही नाही. साडेपाच, पावणेसहा… आजोबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! कळ चुकली म्हणून तर वाटलंच, पण माझं शास्त्र शाबूत राहिलं म्हणूनही वाटलं. मी वही मिटली आणि चहा टाकायला उठले.

सहाला पाच कमी असताना त्यांच्या हातातलं पेन पडलं.

रविवारी चांगुणा आली. मी जरा जिंकल्याच्या सुरात म्हटलं, “तुझी पाऊणपट काल चुकली बरं का! सव्वापाचला यायची ती सहाला आली.”

“सहालाच येनार. काल आठम व्हती.”

“काल सातम.”

“सातम न्हवतीच, बाई. क्षय झाला तिचा. भिंतीवर कॅलिंडर लावता, आन बगत नाय?” ती खो-खो हसली. “पानी काय तुमच्या वहीपरमानं चालनार?”

मी स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर पाहिलं. शुक्रवारी षष्ठी, शनिवारी अष्टमी. मधली सप्तमी गळलेली. आठी पाऊण सहा.

मुलांनो, मी तिथेच कट्ट्याला टेकून उभी राहिले. शिक्षिकेचं डोकं लगेच चाललं… आतापर्यंत म्हणता आलं असतं की माझ्या चेहऱ्यावर वेळ दिसत असेल आणि ती बघून त्यांचं शरीर आवळत असेल. पण शनिवारी मी चुकीच्या वेळेची वाट पाहत होते. घरात खरी वेळ कुणालाच माहीत नव्हती. माझं चुकलं, त्यांच्या मूत्राशयाचं नाही. अंगावर काटा आला. भीती नव्हती ती. पहिल्यांदा दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली होती, तेव्हा असंच झालं होतं.

परत येऊन चांगुणाला म्हटलं, “यांना अजून सांगितलेलं नाही. आणखी चार दिवस न सांगता वेळा लिहिते, म्हणजे पक्कं होईल.”

मासे कापता कापता तिच्या हातातला कोयता थांबला. “मानूस तडफडतंय आन तुमी परीक्षा घेता व्हय?”

“तसं नाही गं…”

“तसाच हाय. आमच्या होडीवरच्या मानसाला पानी कवा चढल ते ठावं नसंल तं तो भियाल का नाय? ठावं असला का मंग जाला सावडीत बसतो निवांत. सांगा त्यांना. आन आता भांग हाय, पानी कमी चढतंय, कळ बी हलकी येल. अमावशेला उधान. तवा जपा.”

मला लाज वाटली. मी आत गेले आणि पलंगाशेजारी बसून वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या.

त्यांनी वही हातात घेऊन आकडे पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी आता खाडी झालो?”

“तसंच दिसतंय.”

“पालीच्या माणसावर काय वेळ आली!” आणि ते हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हसताना दुखलं, तरी हसले.

त्या दिवसापासून ‘आता येईल का’ हा प्रश्न बंद झाला. कळ थांबली नाही हं – ती रोज आली, तिच्या वेळेला. पण मधले तास आजोबांना परत मिळाले. ओहोटी लागली की स्वतःहून तांब्या मागायचे. “आण, आण, आता पाणी उतरतंय तोवर पिऊन घेतो.” शेजारचे काका भेटायला आले तर त्यांना म्हणाले, “साडेसातच्या आत निघा, माझी भरती आहे.” काका घरी जाऊन म्हणाले असतील की भ्रम झाला बिचाऱ्याला! आणि खरंच, आधी कळ हलकी येत होती, मग द्वादशी-त्रयोदशीपासून वाढत गेली.

नळी काढायचा दिवस पुढच्या शनिवारी आला. अमावास्या.

डॉक्टरांनी साडेनऊला नळी काढली. आजोबांना पाणी प्यायला सांगितलं, आम्ही बाकावर बसलो. मला चांगुणाने सांगितलं होतं, “अमावशेला पाऊनपट सोडा, बारा धरा. बारा वाजून जाऊंद्या.” पण डॉक्टरांना हे सांगायचं कसं? नाही सांगितलं. शिकलेल्या बाईला लाज फार असते.

साडेदहा. काही नाही. अकरा… पोट फुगायला लागलं. आजोबांचा हात माझ्या हातात होता. “चढतंय,” ते म्हणाले. पावणेबाराला डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघितलं, मान हलवली आणि सिस्टरना नवीन नळीचा ट्रे आणायला सांगितलं. ट्रे दिसताच आजोबा भिंतीकडे वळले. मला म्हणाले, “घरी चल. काही नको मला.”

तेव्हा माझी लाज गेली. “डॉक्टर, अर्धा तास द्या.”

“आजी, ताण वाढतोय. थांबून काय होणार?”

“बारा वाजून जाऊ देत. फक्त तेवढंच.”

त्यांनी सिस्टरकडे बघितलं, हसू दाबलं. “अमावास्या म्हणून का? मी शाळेच्या बोर्डवर तुमचं नाव पाहिलंय हो… तुम्ही सायन्सच्या ना?”

“अमावास्येला मी भीत नाही. मला समुद्राचं पाणी उतरायला हवंय.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. डॉक्टर तरुण, भला मुलगा. त्यांनी घड्याळ पाहिलं. “साडेबारा. एक मिनिटही जास्त नाही.”

बारा वाजले. बारा पाच. बारा दहाला आजोबा उठले, भिंत धरत संडासात गेले. मी दाराबाहेर. आतून काही आवाज नाही. सिस्टर माझ्या बाजूला उभ्या, हातात ट्रे. मी चष्मा पुसला, परत पुसला. बारा वीसला आतून आधी थेंब-थेंब, मग धार ऐकू आली. बराच वेळ चालली ती.

“अगं,” आजोबा आतून म्हणाले, आवाज पार फुटलेला, “उतरतंय!”

सिस्टर ट्रे घेऊन निघून गेल्या. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

निघण्याआधी मी डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी उभ्या-उभ्या चाळली, मग खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचली. म्हणाले, “बारा दिवस फार थोडे झाले. शरीराची स्वतःची लय असते, योगायोगही असतो. भीती कमी झाली म्हणून स्नायू सैल झाले असतील.” मी म्हटलं, “सगळं मान्य. गेल्या शनिवारची सहाची वेळ सांगा.” त्यांनी वही परत दिली. “ती नाही सांगता येणार,” ते म्हणाले.

मलाही नाही सांगता येत. घरी येऊन मी पुस्तकं काढली, माझ्यासोबत शिकवणाऱ्या दोघींना विचारलं. पेलाभर पाण्याला भरती येत नाही हे आजही खरं आहे. चांगुणाला विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही. “पानी हाय, तं भरती येल. त्यात काय इचारायचा?” दुसऱ्या कुणा पेशंटचं असं झाल्याचं मी ऐकलेलं नाही. आजोबांना त्यानंतर कळ आली नाही, एकदाही नाही.

डॉक्टरांनी दुपारभर थांबवून घेतलं; दवाखान्यातून निघालो तेव्हा पाच वाजत होते. आजोबा रिक्षावाल्याला म्हणाले, “आधी बीचवर घे.” चाळीस वर्षांत त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. रिक्षा वाळूच्या तोंडाशी थांबली. पाणी लांब गेलं होतं, ओली वाळू पसरली होती आणि माणसं कपडे वर खोचून समुद्रातल्या किल्ल्याकडे चालत निघाली होती. आजोबा उतरले नाहीत. रिक्षाच्या दांड्याला धरून पुढे झुकून बघत राहिले, एखाद्या मोठ्या माणसाच्या घरी गेल्यावर दारात बसतात तसे.

“अजून जातंय का गं?”

“जातंय.”

रिक्षावाल्याने मीटर चालू असल्याचं सांगितलं. आजोबा म्हणाले, “असू दे.” आम्ही बसून राहिलो.

– तुमची आजी