सिप्रियनचा अबोल कॉम्प्युटर

मिक्सरमध्ये ओलं खोबरं फिरत होतं, गुरुदत्त खिडकीशी दाढी करत होते आणि आमच्या उन्नतीची एकच वेणी घालून झाली होती. मिक्सर थांबवला तेव्हा कळलं, दारावर कुणीतरी कधीचं टकटक करतंय.

दारात भुईगावचा सिप्रियन. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

“वहिनी, गुरूभाऊ आहेत ना? मला आवाज न करणारा कॉम्प्युटर पायजे.”

“आवाज न करणारं काही या घरात असतं तर मीच वापरलं असतं,” गुरुदत्त तोंडाला साबण असतानाच मिक्सरकडे बघत म्हणाले.

गुरुदत्त वालीवला एका वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे डबे करायचे आणि रविवारी ओळखीपाळखीच्यांना कॉम्प्युटर जुळवून द्यायचे. हे दोन हजार पाच सालचं. तेव्हा तयार घेण्यापेक्षा जुळवलेलाच कॉम्प्युटर बरा, असं सगळे म्हणत.

सिप्रियन फोटोग्राफर. अर्ध्या भुईगावचे पासपोर्ट फोटो त्याने काढलेले. लग्नं, बारशी, चर्चमधलं मुलांचं पहिलं कम्युनियन, सगळं तोच करायचा. पण त्याचं नाव होतं ते जुने फोटो दुरुस्त करण्यात. वाळवीने खाल्लेला, ओलीने डागाळलेला फोटो तो कॉम्प्युटरवर चढवून नीट करायचा, आणि त्यासाठी घरचं माणूस शेजारी खुर्चीत बसलंच पाहिजे, हा त्याचा नियम. सुरुवातीला एकदा त्याने अंदाजाने कुणाच्या तरी वडिलांचा भांग उजवीकडे पाडला. मुलीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “हे बाबा नाहीत, हे आमचे काका झाले.” तेव्हापासून सिप्रियन म्हणायचा, अंदाजाने कुणाचा बाप करायचा नाही.

“आता झालं काय ते सांग,” मी त्याला चहा दिला.

आगाशीच्या जयवंतीमावशी त्याच्याकडे आल्या होत्या. केळीची वाडी असलेल्या घरच्या, सत्तरीच्या. यजमान आत्माराम मागच्या वर्षी गेले. त्यांचा फोटो असा एकच, केळीवाल्यांच्या कुठल्याशा सभेतला, पंचवीस माणसांत मागे उभे. चेहरा नखाएवढा, त्यावर बुरशी. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता.

“मावशी बोलतात एवढ्या हळू,” सिप्रियनने बोटांची चिमूट दाखवली. “आणि माझं डबडं पिठाच्या गिरणीसारखं. मी सारखा, काय? मोठ्याने बोला मावशी! तिसऱ्या वेळेला त्या उठल्या. फोटो पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, राहू दे बाबा. त्यांच्याविषयी मी कधी ओरडून बोलले नाही.”

त्याने कप खाली ठेवला. “वर्षश्राद्धाला तीन आठवडे आहेत, वहिनी. फोटो मला जमला असता. मी त्यांना ऐकलंच नाही.”

गुरुदत्तनी तोंड पुसून त्याचा कागद उघडला. दुकानदाराने लिहून दिलेली यादी होती. सगळ्यात वरचा प्रोसेसर, गेमवाल्या मुलांना लागतं ते मोठं ग्राफिक्स कार्ड.

“हे कुणासाठी? तुला मोटारींच्या शर्यती खेळायच्यात?”

“दुकानदार बोलला, फोटोसाठी पावरफुल लागतो.”

“पॉवरफुल म्हणजे तापणार. तापला की पंखा पळणार. पंखा पळाला की तुझ्या मावशी उठल्या.”

त्यांनी पेन घेऊन खाडाखोड सुरू केली. प्रोसेसर मधला, कमी तापणारा. त्यावर उष्णता ओढून घेणारा अॅल्युमिनियमचा मोठा ठोकळा. ग्राफिक्स कार्ड नकोच, फोटोला बोर्डावरचं पुरतं. वाचलेले पैसे रॅममध्ये घाल, पूर्ण एक जीबी, म्हणजे मोठे फोटो उघडताना डिस्क करकरणार नाही. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, तो मोठ्या पंख्याचा.

“मोठा पंखा जास्त आवाज नाही करत?” मी विचारलं.

“उलट. मोठा हळू फिरला तरी तेवढीच हवा ओढतो. छोटाच बोंबलतो.”

“घरातही तसंच,” मी उन्नतीकडे बघून म्हटलं. तिने दुसरी वेणी राहिल्याची आठवण मोठ्याने करून दिली.

मॉनिटरवर दोघांची जुंपली. सिप्रियनला नवा, चपटा हवा होता. गुरुदत्तनी त्याला शेजाऱ्यांकडे नेऊन त्यांचा चपटा मॉनिटर दाखवला. मान जरा हलवली की त्यावरच्या फोटोतल्या साडीचा रंग बदलायचा. सिप्रियन परत आला आणि जुन्या पद्धतीचा, पोटवाला मॉनिटर लिहून घेतला.

सामान लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आलं. कॅबिनेट गुरुदत्तनी वर्कशॉपमध्ये नेऊन मागची जाळी कापून मोकळी केली. हार्ड डिस्क पत्र्याला थेट न लावता सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली, म्हणजे तिची थरथर पत्र्यात उतरणार नाही. चालू केल्यावर मी कान लावून बसले. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

भुईगावला नेऊन बसवला आणि तिसऱ्याच दिवशी सिप्रियनचा फोन. “गुरूभाऊ, हा पण गुरगुरतोय!”

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. खरंच घूं घूं चाललं होतं. गुरुदत्तनी स्क्रू काढायला घेतले. मी मात्र कॅबिनेटकडे बघत होते. सिप्रियनच्या बायकोने, पॉलिनने, त्यावर क्रोशाचं पांढरंशुभ्र कव्हर घातलं होतं, मागे पार जमिनीपर्यंत झालर. मागची हवेची वाट पूर्ण झाकलेली.

“पॉलिन, हे चालू असतानाही असतं?”

“असणारच ना ताई! खारा वारा येतो समुद्राचा, सगळं गंजतं. टीव्हीला घातलंय, फ्रिजला घातलंय, मग याला का उघडं ठेवायचं?”

“तोंड दाबलंस की कोणीही गुरगुरेल,” गुरुदत्त म्हणाले. कव्हर काढलं. पाच-सात मिनिटांत आवाज उतरत उतरत गेला. पॉलिन कव्हर छातीशी धरून उभी होती. आठवडाभर विणत होती म्हणे. मग ठरलं, मशीन बंद असेल तेव्हा कव्हर. ती खूश झाली.

आता मावशींना बोलवायचं कसं, हा प्रश्न. सिप्रियन दोनदा आगाशीला जाऊन आला होता. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला आणि विषय टाळला. मीच म्हटलं, मी जाते. मी गेले, काही समजावत बसले नाही. फक्त म्हटलं, मावशी, एकदा बसून तर बघा, नाही आवडलं तर आपण बसने परत येऊ. त्या फोटो ठेवलेली पिशवी घ्यायला उठल्या.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते. मावशी खुर्चीत बसल्या. सिप्रियनने त्यांच्याकडून फोटो घेऊन आल्याआल्याच स्कॅन करून मोठा केला होता. पडद्यावर आत्मारामकाकांचा चेहरा, अर्धा डागांखाली.

“चालू कधी करणार?” मावशींनी विचारलं.

“चालूच आहे, मावशी.”

त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवून बघितला. मग बोलायला लागल्या. भुवया दाट होत्या, मधे जुळलेल्या. उजव्या गालावर लहानपणी बैलाचं शिंग लागल्याची खूण. सिप्रियन मान हलवत होता, माऊस हळूहळू सरकत होता, बुरशीखालून गाल वर येत होता. त्याने एकदाही “काय?” म्हटलं नाही.

“आणि ओठ?” त्याने विचारलं.

मावशींचा आवाज आणखी खाली गेला. “ओठ ना... ते रागावले की...” त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पिशवीकडे.

सिप्रियनने माऊसवरचा हात काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसाल?”