पाणी उपसणारीला कुणी विचारलं?

कशेळीच्या खाडीकाठी तीन पुरुष उभे होते आणि तिघांची तोंडं एकाच वेळी चालू होती. विषय एकच, होडीला नवं इंजिन बसवायचं की नाही. चौथी जानकीबाई. पण तिला कुणी मोजलंच नव्हतं, आणि त्यावरूनच तिच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती.

होडीचं जुनं इंजिन चार महिन्यांपूर्वी मेलं. खोकायचं, कण्हायचं, पण वजनाला हलकं. तेव्हापासून नवरा केसरीनाथ घरात आणि टेमघरच्या बाजारातली जानकीबाईची चिंबोऱ्या-खेकड्यांची पाटी पालथी. मुलगा हितेश म्हणायचा, "आये, आपल्या जागेतल्या गोदामाचं भाडं येतंय ना? बस की आता घरात." जसं काही घरात बसण्यासाठीच देवानं तिला दोन पाय दिले होते! पाटी उतरली की आपणही उतरलो, असं तिचं सरळ म्हणणं. होडी तिला हवीच होती.

शेवटी बापाचं उतरलेलं तोंड बघून हितेशच विरघळला आणि ट्रकच्या गॅरेजवाल्या धनेशला घेऊन आला.

"नवं कोरं डिझेल बसवू, काका. घोडबंदरला जाऊन चहा पिऊन परत याल!"

"वजन किती?" जानकीबाईनं विचारलं.

"जुन्याच्या तिप्पट. पण काकी, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

"मागं न्हाय सोसायचं. मागची डावी फळी..."

"आये, तुला इंजिनातलं काय कळतं?" हितेश हसला. केसरीनाथानंही होडीत वाकून बघितलं नि मान हलवली. "थेंब न्हाय पानी. खडखडीत हाय."

झालं! जानकीबाईच्या अंगाची लाही लाही झाली. अहो, रिकामी होडी खडखडीत असणारच! ती फळी पाण्याच्या वर राहते. मागं भार पडला, होडी बसली, की मग तिच्यातून पाणी. हे केसरीनाथाला कुठून कळणार? चाळीस वर्षं त्याचं तोंड पुढं, नाळेकडं, म्हणजे होडीच्या टोकाकडं. मागं तेलाचा कापलेला डबा घेऊन पाणी उपसत कोण बसलं होतं?

आता हीच गोष्ट बघा. एकदा पायगावचं वऱ्हाड पलीकडं न्यायचं होतं. नवरदेवाचा मामा, माणूस कसला, तांदळाचं पोतं! तो नेमका मागं बसला. निम्म्या वाटेत नवऱ्यामुलाचे नवे जोडे होडीतल्या होडीत पोहायला लागले. वऱ्हाड हसतंय, मामा पान चघळतोय आणि जानकीबाई घामाघूम होऊन उपसतेय. काठाला लागल्यावर सगळ्यांनी केसरीनाथाच्या पाठीवर थाप मारली, "काय सफाईनं आणलीस होडी!" तो डंख अजून ताजा होता. दर वर्षी लूमच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत मागून आणून त्या फळीच्या फटीत बोळा ठासायची तीच. यंदा होडी बंद, म्हणून ठासला नव्हता.

जानकीबाईनं डबा उचलला, होडीत चढली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

"घ्या माप," म्हणाली. "तिघं मागं या. नीट घ्या, घाई न्हाय."

भरती पुरी चढली होती. धनेशनं टेप लावली, हितेशनं दुसरं टोक धरलं. हितेशचं पोट गोदामाच्या भाड्यावर पोसलेलं, त्यामुळे इंजिनाच्या वजनाची कसर निम्मी त्यानंच भरून काढली. केसरीनाथ वाकून आकडे वाचत राहिला. होडी मागून बसली.

"आये, पानी!"

"असंल."

पाणी हितेशच्या पांढऱ्या बुटांत शिरलं. धनेशनं पँट गुडघ्यापर्यंत ओढली.

"आये, उपस ना गं!"

जानकीबाईनं डबा मांडीवर पालथा घातला. "मना काय कळतं?"

केसरीनाथ मात्र खाली बसला. त्यानं त्या डाव्या फळीला बोट लावलं, आणि बोटाचं अख्खं पेर आत गेलं. तो बराच वेळ बोट काढेना.

"जानके," तो म्हणाला, "कुठून कुठवर सडलीय?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं! तिनं बाहेर हात घालून काठाचा चिखल बोटावर घेतला आणि फळीवर रेघ ओढली. मग खालच्या फळीवर दुसरी. "या दोन काढा. आतली बरगडी बी मऊ हाय."

"आणि... इंजिन?" धनेशनं हळूच विचारलं.

"आणा की. फळ्या झाल्यावर. जुन्याएवढंच हलकं. आन् घ्यायच्या आधी मना दाखवा."

"मी तेच म्हनत होतो," केसरीनाथ पुटपुटला, "की आधी होडी बघू, मग..."

जानकीबाईनं डबा त्याच्या हातात दिला.

"उपसा."