आठव्या आवृत्तीचा तिसरा पेपर

शिवांजली अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन धारूरला आली. नवरा रवि, सासू दानम्मा आणि बसस्टँडजवळचं दुकान, एवढा संसार. दुकानात पुढं एसटीडीची काचेची खोली, मागं झेरॉक्सचं मशीन आणि त्याच्याही मागं, पडद्याआड, एक कंप्युटर. त्या कंप्युटरवर रवि लग्नपत्रिका जुळवायचा. सुनेला कंप्युटर येतो म्हटल्यावर ते काम हळूहळू तिच्याकडं आलं.

दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. ज्याच्या त्याच्या तोंडी सॉफ्टवेअर होतं. शिवांजलीची कॉलेजातली मैत्रीण तेजश्री, उमापूरची, पुण्यात मामाकडं राहून एका महागड्या क्लासला जात होती. दिवाळीत ती भेटली तेव्हा तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. एका अमेरिकन कंपनीचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर आहे, त्याची आठवी आवृत्ती चालू आहे. त्यावर कंपनी स्वतः तीन पेपर घेते. तिन्ही निघाले की तिकडून सर्टिफिकेट येतं आणि ते पाहून पुण्या-मुंबईत नोकरी मिळते. शिवांजलीनं विचारलं की क्लास लावावाच लागतो का. तेजश्री म्हणाली, सक्ती काही नाही, पेपर कुणीही देऊ शकतं.

हे वाक्य शिवांजलीच्या डोक्यात बसलं.

तरी आधी ती रविला घेऊन बीडच्या एका क्लासला जाऊन आली. जिना चढून वर गेलं की काचेचा दरवाजा, आत गार हवा, भिंतीवर परदेशातल्या उंच इमारतींची चित्रं. चालकानं चहा पाजला आणि नोकरीची खात्री दिली. शिवांजलीनं खोलीत डोकावून पाहिलं, तर एकेका कंप्युटरसमोर पोरं दाटीनं बसलेली, एकाच्या हातात माऊस आणि बाकीचे बघणारे. शिकवणारे सर पुस्तकातलं फळ्यावर उतरवत होते. परतीच्या बसमध्ये ती रविला म्हणाली, "पुस्तकच वाचायचं असंल तर मी घरी वाचते. जाऊन-येऊन दिवस जाईल, वर तुमचं दुकान उघडं पडंल."

रविला ते पटलं. फी वाचणार होती हेही खरं, पण त्याला बायकोचं कौतुकही होतं.

तेजश्रीनं पुण्याहून आठव्या आवृत्तीची जुनी पुस्तकं पाठवली. एका मासिकाबरोबर आलेली सीडीही पाठवली. तिथून अडचणी सुरू झाल्या. दुकानातल्या कंप्युटरची मेमरी त्या सॉफ्टवेअरला पुरेना. औरंगाबादहून मेमरी आणून बसवली, तर डिस्कवर जागा पुरेना. शिवांजलीनं जुन्या पत्रिकांच्या फायली काढून टाकल्या आणि त्या ओघात एक चालू पत्रिकाही गेली. ती होती विठ्ठलराव म्हणून एका बड्या बागायतदाराच्या मुलाची. मुलगा अमरसिंह पंचायत समितीला उभा राहणार होता, त्यामुळं पत्रिकेत निमंत्रकांची भली मोठी रांग होती, आणि त्या रांगेत कोण कुणाच्या आधी यावं हे विठ्ठलरावांनी स्वतः दुकानात बसून ठरवलेलं.

शिवांजलीनं सगळी नावं पुन्हा टाइप केली. घाईत दोन पुढाऱ्यांचा क्रम उलटा झाला आणि पत्रिका तशीच छापून आली. विठ्ठलराव दुकानात आले, आवाज न चढवता बोलले आणि सगळ्या पत्रिका परत ठेवून गेले. रविनं त्या पदरमोड करून पुन्हा छापल्या. त्या दिवशी तो तिला पहिल्यांदा टाकून बोलला.

"तुझा अभ्यास तुझ्यापाशी. माझ्या गिऱ्हाइकाच्या फायलींला हात कावून लावला?"

दुसरा कंप्युटर घेण्याची ऐपत नव्हती, आणि या एकाच कंप्युटरवर पोटही होतं आणि अभ्यासही. मग असं ठरलं की लग्नसराईत तिनं सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. म्हणजे पत्रिकांचा हंगाम आला की तिचं नुसतं पुस्तक चालायचं. आज्ञा वाचायच्या, त्यावर कंप्युटर काय म्हणेल ते मनात धरायचं आणि पुढं जायचं. हंगाम संपला की भारनियमन सुरू. लाइट नेमकी तिला वेळ असायचा तेव्हा जायची, आणि अर्धवट चाललेलं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. काही अडलं तर विचारायला धारूरमध्ये माणूस नव्हता. एकदा पुस्तकातली एक आज्ञा काही केल्या चालेना. ती कितीतरी दिवस स्वतःचीच चूक शोधत राहिली. शेवटी तेजश्रीनं फोनवर सांगितलं की पुस्तकातच छपाईची चूक आहे, त्यांच्या क्लासात सगळ्यांनी ती केव्हाच दुरुस्त करून घेतली. शिवांजलीनं फोन ठेवला आणि पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उठून उचलून आणलं.

या सगळ्यात तिला साथ होती ती दानम्मांची. त्यांना डेटाबेस म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. दुपारची जेवणं झाली की त्या एसटीडीच्या खोलीपाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि सुनेला आत पाठवायच्या. उसाच्या हंगामात खोलीसमोर गर्दी असायची. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरची माणसं कारखान्याकडं फोन लावायला यायची, तिकडूनही निरोप यायचे. म्हाताऱ्यांना आकडे लावता यायचे नाहीत, ते दानम्मा लावून द्यायच्या. त्यामुळं दुकानातल्या एकुलत्या फोनलाइनवरून इंटरनेट लावणं जमण्यासारखं नव्हतं. शिवांजलीनं एकदा लावून पाहिलं होतं. पान उघडेपर्यंत बाहेर माणसं ताटकळली आणि तिनं स्वतःच वायर काढली.

पहिला पेपर तिनं पुण्यात जाऊन दिला. कंप्युटरवरच परीक्षा आणि संपताक्षणी पडद्यावर निकाल. ती पास झाली. दुसरा पेपर पुढच्या वर्षी, बॅकअप आणि बिघडलेला डेटाबेस सावरण्यावरचा. सराव असा करताच आला नव्हता, कारण पत्रिका ज्या डिस्कवर होत्या ती मुद्दाम बिघडवून बघणार कशी? तिनं तो जवळजवळ पाठांतरावर दिला आणि काठावर पास झाली. आता एकच राहिला होता. रवि गिऱ्हाइकांना सांगायला लागला होता की आमच्या हिचं अमेरिकेचं सर्टिफिकेट येणार हाय.

तिसऱ्या पेपरचा अभ्यास पूर्ण झाला तशी ती नाव नोंदवायला एसटीडीच्या खोलीत शिरली. पुण्याच्या केंद्रात फोन लागला. पलीकडच्या मुलीनं आवृत्ती विचारली, जरा थांबायला सांगितलं आणि मग म्हणाली, "आठचे पेपर बंद झालेत मॅडम. आता नववी आवृत्ती आहे. तुम्हाला नऊसाठी सगळे पेपर पहिल्यापासून द्यावे लागतील."

शिवांजलीनं विचारलं की आधीच्या दोन पेपरांचं काय. मुलगी म्हणाली की तिन्ही मुदतीत झाले असते तर धरले असते. मुदत कंपनीनं इंटरनेटवर कधीच जाहीर केली होती.

शिवांजलीनं बाहेर न येता तिथूनच लगेच तेजश्रीला फोन लावला. तेजश्रीचे तिन्ही पेपर होऊन ती तेव्हा हिंजवडीला नोकरीला लागली होती.

"आठ बंद होणार हे तुला माहीत होतं?"

"अगं, आमच्या सरांनी सांगितलं होतं ना. सगळ्यांनी घाई करून दिले पेपर. मला वाटलं तुला ठाऊक असंल."

"मला कोण सांगणार होतं?"

शिवांजलीनं तिला विचारलं की क्लासात तू असं काय शिकलीस जे माझ्या पुस्तकात नव्हतं. तेजश्री प्रामाणिक होती. तिनं सांगितलं, शिकवलं तसं फार काही नाही, अभ्यास आम्हीही घरीच केला. पण कुठला पेपर कधी बंद होतोय, कुठं माणसं घेतायत, हे तिथं जिन्यात उभं राहिलं तरी कानावर पडायचं.

शिवांजली बाहेर आली तेव्हा रांगेतली माणसं तिच्याकडं बघत होती. दानम्मांनी काय झालं ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बंद करायचं होतं तर घरोघर सांगायचं न्हाई का? आपण एवढे दिवस बसलो."

रविनं नववीची पुस्तकं आणून देतो म्हणून दोनदा म्हटलं. ती नको म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं त्याला झिडकारलं, तेव्हापासून तो विषय घरात निघाला नाही.

पुढं गावातल्या एका पतसंस्थेला कंप्युटरवर बसायला माणूस हवा होता. शिवांजलीनं दोन्ही पेपरांचे निकाल जोडून अर्ज दिला. सेक्रेटरींनी ते इंग्रजी कागद पाहिले, परत केले आणि सांगितलं की प्राथमिक कंप्युटर कोर्सचं प्रमाणपत्र लागेल, त्याशिवाय नेमता येत नाही. तो कोर्स घरी अभ्यास करून देता येत नव्हता, क्लासला हजेरी लावावी लागे. म्हणून ती गेली. फी भरली, आठवीतल्या पोरींच्या शेजारी बसली आणि माऊस कसा धरायचा ते शिकून घेतलं. शिकवणारीनं पडद्यावर घर आणि झाड काढायला सांगितलं, तर तिनं घर काढलं, झाड काढलं, आणि घरी येऊन दानम्मांसमोर रडली. परीक्षा हुकल्यावर रडली नव्हती.

नोकरी मिळाली. पतसंस्थेतलं सॉफ्टवेअर लातूरच्या कुणीतरी करून दिलेलं, त्यात खातेदाराचं नाव आणि आकडे भरण्यापलीकडं काम नव्हतं. पगार वेळेवर व्हायचा आणि दुकानाला हातभार लागायचा, हे ती नाकारत नाही.

एकदा शाळेतल्या चंद्रभागाबाई पासबुक भरून घ्यायला आल्या. त्यांच्या मुलीला सॉफ्टवेअर शिकायचं होतं. क्लास लावावा की घरीच पुस्तक आणून द्यावं, असं त्यांनी शिवांजलीला विचारलं, कारण गावात तिनंच ते करून पाहिलं होतं.

"घरी वाचलं तरी चालतं, बाई," शिवांजली म्हणाली. "फक्त घर पुण्यात पाहिजे."

चंद्रभागाबाईंना ती चेष्टा वाटली. जूनमध्ये त्यांनी मुलीला बीडच्या क्लासला घातलं.