सासरेबुवा आणि सरळ रेषा

जावयाने सासऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासऱ्याचं फक्त डोकं होतं. त्यांची मुलगी म्हणाली होती, "बाबा मागे अंगणात आहेत." अंगणात जमिनीवर एक तुळतुळीत टक्कल चष्मा लावून बसलं होतं. बाकीचा देह खाली, स्वतः खणलेल्या पुरुषभर खोल खड्ड्यात. टक्कल म्हणालं, "बूट काढा."

मुलगी मागायला आलेल्या माणसाने बूट काय, कातडंही काढून दिलं असतं. सासऱ्यांनी टाचेची माती नखाने खरवडली, चिमटीत चोळली आणि जिभेवर ठेवली.

"बँकेतून थेट आलात म्हणे? ही ग्रॅनाइटच्या टेकडीवरची. दाताखाली रेती लागतेय, अभ्रक चमकतंय. टेकडीवर काय करत होतात?"

"तुमच्याशी काय बोलायचं त्याची तालीम."

"मग बोला."

बिचाऱ्याला एक अक्षर आठवेना. लग्न ठरलं.

सासऱ्यांनी तीस वर्षं मृदा सर्वेक्षण कार्यालयात काढली होती. खड्डा खणायचा, आत उतरायचं, वरच्या मातीपासून खालच्या खडकापर्यंत एकेक थर वहीत उतरवायचा. ऑफिसात त्यांना खड्डेसाहेब म्हणत आणि त्यांना ती पदवी वाटे. खडकांबद्दल ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. "ग्रॅनाइट हट्टी. झिजेल, पण कण सोडणार नाही, म्हणून त्याची माती रेताड. काळा दगड मनाचा मऊ, पार कुजून चिकण होतो. आणि चुनखडी? सगळी पाण्याबरोबर विरघळून जाते, मागे उरतो तिच्यातला गाळ. बोटभर माती व्हायला हजार वर्षं लागतात, जावईबापू, आणि तुम्ही ती पायपुसण्यावर झटकता!"

पुढे जावयाने प्लॉट घेतला. मुलीला सातवा लागला होता, भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा. बाळ यायच्या आत घर व्हायलाच हवं होतं. स्वयंपाकघराचा पाया खणायला घेतला आणि सासरे बघायला आले. बघता बघता आत उतरले.

खड्ड्याच्या भिंतीत डावीकडे भुरी, रेताड माती. उजवीकडे काळपट, चिकट. मधे सुरीने कापल्यासारखी सरळ रेषा. कधीकाळी ग्रॅनाइटच्या भेगेत काळा दगड वितळून घुसला होता. दोघे शेजारी शेजारी कुजले, पण एकमेकांत मिसळले नाहीत. तीस वर्षं सासरे हीच रेषा शोधत होते, आणि ती निघाली मुलीच्या ओट्याखाली.

"चार दिवस भरू नका," ते म्हणाले. ऑफिसला पत्र गेलं, साहेबांनी येऊन पाहावं म्हणून. ते स्वतः छत्री लावून आत बसले आणि खालचा खडक दिसेपर्यंत खणत राहिले. चाराचे बारा दिवस झाले. गवंडी काठावर विड्या ओढून कंटाळला.

मुलगी पोट सांभाळत काठावर आली. "बाबा, माझ्या बाळाला काय खड्ड्यात ठेवू?"

"थंडावा छान असतो गं आत."

"अहो, तुम्ही बोला त्यांच्याशी!" तिने नवऱ्याला ढकललं.

जावई कडक बोलायचं ठरवून उतरला. सासऱ्यांनी त्याचा एक हात डाव्या मातीत खुपसला, दुसरा उजव्या. "चोळा." डाव्या हाताला मीठ चोळल्यासारखं लागलं, उजवा लोण्यात बुडाल्यासारखा. मधे अंतर वीतभर. सासऱ्यांचे डोळे चष्म्याआड ओले झाले होते. जावयाचं अवसान गळालं. वर तोंड करून तो बायकोला म्हणाला, "अजून चार दिवस राहू दे ना."

"दोघांनाही पुरते तिथेच!" ती म्हणाली. गवंड्याने थापी उचलली आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

तो चार महिन्यांनी परतला. तोवर मुलगा झाला होता आणि त्याला उचलून तोच उभा जिना चढून झाला होता. ऑफिसातून कोणी आलं नाही. खड्डा पायासाठी फार खोल झालाय म्हणून गवंड्याने स्वयंपाकघर पलीकडे सरकवलं. रेषेच्या जागी आता सेप्टिक टँक आहे.