तो टक् आवाज मीही ऐकला होता

हे मी निलेशलाही सांगितलेलं नाही. आणि नवऱ्याला नाही म्हणजे कुणालाच नाही, कारण हिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मी पण हसते त्यांच्यात. भिजतो हो. बरीच वर्षं भिजलाय.

कुठून सुरू करू? गाडीपासून करते. ते सोपं आहे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट फिटर होते. कंपनी बंद पडली, पण अण्णांचे हात काही बंद पडले नाहीत. शेजारच्यांचे मिक्सर, इस्त्र्या, सगळं आमच्याकडे यायचं. आणि त्यांची ती जुनी पांढरी गाडी! मी लग्न होऊन आले तेव्हाच म्हातारी झालेली. मला गाडी त्यांनीच शिकवली, त्याच गाडीवर, तीही बॉनेट उघडून. "सूनबाई, नुसतं स्टिअरिंग फिरवणारे ढीगभर आहेत. आत काय चाललंय ते बघ." हा सेन्सर कशाचा, ही वायर कुठे जाते — सगळं. मला आवडायचं. खरंच आवडायचं. माझ्या स्वतःच्या बाबांनी मला साधा फ्यूज बदलायला शिकवलं नव्हतं.

दर रविवारी अण्णा गाडी काढून कोपरीच्या आमच्या घरून डोंबिवलीला जायचे, मोठ्या भावाकडे. भाऊकाकांची स्मृती गेलेली. आधी चाव्या विसरायला लागले, मग गॅस, मग माणसं. पोटचा मुलगा ओळखू येईना, पण गाडीत पुढच्या सीटवर बसवलं की शांत व्हायचे. अण्णा त्यांना असेच शीळ रोडने कल्याणपर्यंत फिरवून आणायचे. घरी आले की मात्र जेवायचे नाहीत धड. एकदा मला म्हणाले, "दुसरं काहीही होऊ दे गं मला. हे नको."

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात असू द्या — मला माहीत होतं.

आता माझी गाडी. माझं ऑफिस घोडबंदर रोडला गेलं आणि मी नवी गाडी घेतली. पण ठेवायची कुठे? आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एक पार्किंग. ज्याने हे भोगलंय त्यालाच कळेल. ट्रॅफिकमध्ये पिचून घरी यायचं आणि मग गल्लीत जागेसाठी घिरट्या घालायच्या. सकाळी बघावं तर कुणी ओरखडा काढलाय, कुणी टपावर चादर वाळत घातलीय. आणि अण्णांची गाडी खाली सावलीत, आठवड्यातून एकदा हलणारी. शेवटी मी विषय काढलाच. ते हसले. "ती चालतेय तोवर तिची जागा तिची. बंद पडली की तुझी. झालं?"

ते गमतीत म्हणाले होते. मी गमतीत घेतलं नाही.

पुढे गाडी खरंच बंद पडायला लागली. खड्डा आला की गचके, मग ठप्प, थोड्या वेळाने आपोआप सुरू. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि क्रँक सेन्सर गेलाय म्हणाला. हा सेन्सर इंजिन फिरतंय ते गाडीला कळवतो. त्याचा निरोप आला नाही की गाडी तिथेच मान टाकते. अण्णांना पटेना. "स्कॅनर कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते नाही." मग एका सुट्टीच्या दिवशी पार्किंगमध्ये आमची तपासणी सुरू झाली. गाडी चालू, अण्णा आत बसून कान देऊन ऐकतायत, मी पुढे टॉर्च घेऊन वाकलेली. माझ्या बांगडीचा धक्का एका वायरला लागला — आणि इंजिन अडखळलं! सेन्सर नाही, त्याला वायर जोडणारा प्लग. त्याची प्लास्टिकची खिटी तुटलेली आणि प्लग सैल. समोर दिसत होतं मला.

अण्णांनी आतून विचारलं, "काय गं, काही हलवलंस?"

मी म्हणाले, "नाही."

पुढचे कितीतरी दिवस ते शोधत राहिले. नवा सेन्सर आणून घातला. बॅटरीची टोकं घासली. वायर इंच इंच मीटर लावून तपासली. मी वर खिडकीतून बघायचे, चहा नेऊन द्यायचे. शेवटी त्यांनीच ती खिटी शोधून काढली आणि लहान मुलासारखे मला हाका मारत सुटले. नवा प्लग जोडला, माझ्यासमोर दाबून बसवला. टक् झालं. "ऐकलंस? बसला बघ!" ऐकलं ना. स्वच्छ ऐकलं. गाडी पहिल्यासारखी पळायला लागली.

आणि त्याच आठवड्यात एका टँकरने गल्लीत उभ्या केलेल्या माझ्या गाडीचा आरसा उडवला.

शनिवारची दुपार. अण्णा झोपलेले. मी खुंटीवरची चावी घेतली, खाली गेले, बॉनेट उघडलं, खिटी दाबली आणि तो प्लग मागे ओढला. पूर्ण नाही, अर्धा. पूर्ण काढला असता तर गाडी सुरूच झाली नसती, त्यांना दोन मिनिटांत सापडलं असतं. बघा, किती विचार केला होता मी! रागाच्या भरात झालं म्हणायची सोयसुद्धा ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेही विसरले नव्हते.

गाडी शीळ रोडवर बंद पडली, ट्रकांच्या मध्ये. शेजारी भाऊकाका. हॉर्नच्या गोंगाटाला घाबरून ते दार उघडून उतरायला लागले. अण्णांनी एका हाताने त्यांचा सदरा घट्ट धरून ठेवला आणि दुसरा हात खिडकीतून बाहेर काढून लोकांना थांबवत राहिले. रिक्षावाल्यांनी गाडी ढकलून कडेला घेतली. काही झालं नाही. काही झालं असतं तर? हा प्रश्न मी अजूनही पुरता विचारू शकत नाही.

अण्णा घरी आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "प्लग अर्धाच बसला होता," म्हणाले. "पण मी टक् ऐकलं होतं ना गं? तू होतीस ना तिथे?"

तुम्हाला वाटलं असेल, प्लगचं सांगितलं म्हणजे झालं सांगून. नाही. सांगायचंय ते आता आहे. त्यांनी विचारलं, माझ्याकडे बघून विचारलं, आणि मी म्हणाले — "मला नाही आठवत, अण्णा. वयाने होतं असं. भाऊकाकांचंही असंच सुरू झालं ना?"

शांतपणे म्हणाले. मायेने समजूत घालावी तशी.

 त्यांनी चावी खुंटीला न लावता माझ्या हातात दिली. "बरोबर आहे तुझं. दोन विसरभोळे एका गाडीत नकोत." हसायचा प्रयत्न केला त्यांनी. महिन्याभरात गाडी विकली. माझी गाडी सावलीत आली.

निलेश म्हणाला होता, रविवारी मी नेत जाईन तुम्हाला डोंबिवलीला. दोनदा नेलं. पुढच्या वर्षी भाऊकाका गेले. त्या दिवशी अण्णा माझ्याच गाडीतून आले; पुढे बसा म्हटलं तर नको म्हणाले, मागे बसले.

अण्णांना डॉक्टरांकडेही नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, यांना काही झालेलं नाही म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि जिन्यात मला म्हणाले, "भाऊलाही आधी असंच सांगितलेलं." आता कुणी मिक्सर आणला तर हात लावत नाहीत. बँकेत एकटे जात नाहीत. त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर आहे, त्यांनीच ठेवायला सांगितली.

आणि घरातून निघताना रोज विचारतात, "गॅस बंद केला ना गं मी?" मी आत जाऊन बघते. बंद असतो. इतक्या वर्षांत एकदाही चालू राहिलेला नाही. एकदाही नाही! एका वाक्याचं काम आहे — अण्णा, तुम्ही प्लग नीट बसवला होता. काल सांगता आलं असतं. आज सकाळीही ते दारात उभे होते, मी ओट्यापासून परत येईपर्यंत वाट बघत.

"बंद आहे, अण्णा."

"बरं आहे बाई, तू आहेस म्हणून," ते म्हणाले.

मी चावी घेतली आणि खाली गेले. गाडी सावलीत उभी होती.