घरी राहायची मुदत

संक्रांतीनंतर आमच्या वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि अण्णा अमेरिकेहून मिळेल त्या विमानानं आला. अण्णा माझा थोरला भाऊ. तरुणपणीच तिकडं गेला, तिथलाच नागरिक झाला. लग्न केलं नाही. या खेपेला नोकरी सोडूनच आला होता.

"पाच वर्षांचा व्हिसा काढलाय," बॅग खाली ठेवत तो म्हणाला. "आता अप्पांना सोडून कुठं जात नाही."

मी शाळेत शिकवते. सकाळी विद्यानगरातलं घर सोडलं की चारशिवाय सुटका नाही. अण्णा आला आणि मला कित्येक दिवसांनी धड झोप लागली.

अप्पांनी गावाबाहेर तारिहाळच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेला. अंगानं दणकट. त्यांना कुशीवर वळवायचं, खुर्चीत बसवायचं, सगळं अण्णाच करी. माझ्या हातची पेज ते जिभेनं बाहेर ढकलत. त्याच्या हातची मुकाट घेत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. परतीच्या तिकिटाची तारीख पुढं ढकलायला आम्ही ट्रॅव्हल एजंटकडं गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, व्हिसा पाच वर्षं चालतो, पण एका वर्षात एकूण एकशे ऐंशी दिवसच राहता येतं. तुमचे संपत आलेत."

अण्णा हसला. चेष्टा वाटली त्याला.

मग मुदत वाढवून मागायला आम्ही पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात गेलो; परदेशी नागरिकांची नोंद तिथंच होते. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, बेंगळूरूला फोनही लावला. "नम्म कैयल्लि इल्ल, अक्का," ते मला म्हणाले. त्यांच्या हातात काही नव्हतं. जानेवारीत नवं वर्ष लागलं की परत या, म्हणाले.

"साहेब, मी याच गावात जन्मलोय," अण्णा कन्नडमध्ये म्हणाला.

"पासपोर्ट कुठला?"

अण्णानं अमेरिकेचा पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्याला इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

अप्पांना त्यानंच सांगितलं. त्यांचं बोलणं जड झालंय, पण हे स्पष्ट कळलं: "आपल्या घरात राहायला कसला व्हिसा?"

जायच्या दिवशी अण्णानं त्यांची दाढी केली, नखं काढली, पेज भरवली. रिक्षा बाहेर थांबली होती तरी तो त्यांचे पाय चेपत बसला. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, ऊठ आता." हे म्हणायची वेळ माझ्यावर यावी!

आता दिवसभराला एक माणूस ठेवलाय. अण्णा व्हिडिओ कॉलवर बघत त्याला सांगत असतो, "अगोदर खांद्याला धरा, मानेला नको." अप्पा जानेवारीपर्यंत काढतील ना, असं मी डॉक्टरांना विचारलं; त्यांनी नुसतं औषध बदलून दिलं.

फोनमधून अण्णाचा आवाज आला की मी फोन अप्पांच्या तोंडासमोर धरते. ते मान वळवून दाराकडं बघतात.