दोरवालीने निवडलेलं मशीन

झाडं कापायचं मशीन घ्यायला नवराबायको दोघं दुकानात गेले, आणि दुकानदाराने खुर्ची पुढे केली ती एकच. झालं! दोरवालीचं डोकं तिथेच फिरलं. तिने ती खुर्ची ओढली, स्वतः बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही उभे राहा. पैसे माझ्या पिशवीत आहेत."

दोरवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. नवरा मोठमोठी झाडं पाडायचा आणि ती दोर धरायची, म्हणून सगळे तिला दोरवाली म्हणत आणि त्याला वस्ताद. लोकांना वाटतं, झाड पाडतो तो मशीनवाला. साफ चूक! मशीनवाला नुसतं कापतो. ते झाड अंगणात पडणार की कुणाच्या डोक्यावर, हे दोर ठरवतो. वर शेंड्याकडे दोर बांधायचा, लांब नेऊन दुसऱ्या एखाद्या खोडाला वेढा द्यायचा, आणि बुंध्यातून पहिली करकर ऐकू आली की नेमकं तेव्हाच ओढायचं. घाई केली तर सगळा खेळ बिघडतो आणि उशीर झाला तर छपराचं वाटोळं होतं. कापताना वस्तादने कधी वर मान करून पाहिलं नाही, कारण वर बघायला ती होती. आणि तरी कामाचं बोलायला आलेला प्रत्येक माणूस बोलणार वस्तादशी! ती शेजारी उभी असली तर तिला विचारणार, "चहा मिळेल का?"

आता नडलं होतं ते असं. शाळेच्या मागे एक भलंमोठं झाड वाळून वर्गांच्या छपरावर झुकलं होतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी ते काम ह्या दोघांना दिलं आणि बजावलं, सुट्टी संपायच्या आत झाड खाली आलं पाहिजे, नाहीतर पलीकडच्या टोळीला बोलावते. दोघं हो म्हणून घरी आले आणि त्यांच्या जुन्या मशीनने त्याच आठवड्यात मान टाकली. इंजिन असं जाम झालं की चालू करायची दोरी ओढून ओढून वस्तादचा खांदा दुखायला लागला, पण फुर्र म्हणून आवाज नाही. दमदार मशीन हवं होतं, ताबडतोब हवं होतं आणि पिशवीत मावेल तेवढ्यात हवं होतं.

दुकानदाराने टेबलावर एक झगझगीत मशीन आणून ठेवलं. त्यावरचं लेबल मशीनपेक्षा मोठं. "ताकद बघा साहेब, ताकद!" असं म्हणून त्याने दोरी ओढली आणि अख्खं दुकान दणाणून सोडलं.

"रिकामं मशीन काय, कसंही बोंबलेल," दोरवाली म्हणाली. "लाकडात घालून दाखवा."

"लाकडाला लागलं की माल जुना होतो, ताई."

"मग आम्ही काय आवाजाने झाडं पाडायची?"

दुकानदार वस्तादकडे बघून हसला. बायकोला आवरा, असं ते हसणं होतं. "साहेब, तुम्हीच बघा, चेनची पट्टी केवढी लांब दिलीय. जाड झाड, लांब पट्टी, साधा हिशेब आहे."

"हिशेब तुमच्या गल्ल्याचा!" दोरवाली उसळली. "जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापतात. पट्टी आखूड चालते, इंजिन दमाचं लागतं. ह्या मरतुकड्या इंजिनाला ही एवढी पट्टी लावलीत, ते अर्ध्या बुंध्यात धापा टाकायला लागेल. आणि ह्याचा ब्रेक कुठाय?"

"ब्रेक जादा आहे. वेगळा घ्यावा लागतो."

"जादा?" दोरवाली उभी राहिली. "चाकं देता, गाडी देता, ब्रेक जादा? लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला!" तिच्या आवाजाने रस्त्यावरची दोन माणसं थांबली. वस्तादने तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला कारण होतं. असल्या मशीनला पुढच्या मुठीच्या समोर एक आडवी दांडी असते, तोच ब्रेक. पट्टीचं टोक चुकून कशाला अडलं की मशीन उलटं उसळतं, सरळ तोंडावर येतं. तेव्हा मनगट त्या दांडीला आपटतं, दांडी पुढे जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. एवढी साधी गोष्ट. पण ह्या धंद्यात रीत काय, तर नवं मशीन घरी आणलं की पहिल्यांदा ती दांडी काढून टाकायची. मध्ये येते म्हणे! दांडी ठेवणारा तो भित्रा, दांडी काढणारा तो मर्द. काढलेल्या दांड्या घराघरांत खिळ्याला टांगलेल्या असतात आणि ही माणसं पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

दोरवालीच्या थोरल्या भावानेही काढली होती. तो मोठा नामांकित कापणारा, वस्तादला त्यानेच हाताखाली घेऊन शिकवलं. एका फांदीला टोक अडलं आणि मशीन उसळलं. दोरवाली तेव्हा त्याच्याच दोरावर होती. दादा वाचला, पण एक डोळा गेला, जबडा गेला. आता तो ह्या दोघांच्याच घरी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो आणि पातळ करून दिलेलं तेवढं गिळतो. भेटायला येणारे सगळे उसासे टाकून म्हणायचे, नशिबाचा खेळ. "कसलं डोंबलाचं नशीब!" दोरवाली म्हणायची. "दोन स्क्रू काढले होते त्याने स्वतःच्या हाताने. नशिबाला कशाला नावं ठेवता?" मग लोक यायचेच बंद झाले.

तर दुसरं दुकान जुन्या मशीनचं. तिथे एक दांडगं मशीन होतं, नामांकित बनावटीचं, इंजिन असं की दोरी अर्धी ओढली तरी सुरू. किंमतही बसत होती. वस्ताद त्याच्यापुढून हलेना. पण दांडीच्या जागी दोन रिकामी भोकं.

"सगळेच काढतात, वहिनी," जुन्या मशीनचा दुकानदार म्हणाला.

"सगळ्यांची तोंडं कशी दिसतात ते माझ्या घरी येऊन बघा!"

बाहेर पडल्यावर रस्त्यातच दोघांची जुंपली. वस्ताद म्हणाला, "अगं, मी इतकी वर्षं कापतोय. मला शिकवतेस? ह्या पैशात एवढी ताकद पुन्हा मिळायची नाही. झाड बघितलंस ना ते केवढं आहे?"

"झाड बघितलं आणि दादालाही रोज बघते," ती म्हणाली. "एका घरात एक पुरे झाला. दांडी नाही, तर दोर नाही. मग उभं करा त्या दुकानदारालाच दोरावर!"

वस्ताद गप्प झाला. तो गप्प झाला की ती जिंकली, असं तिला वाटायचं. तिथेच तिचं चुकायचं.

शेवटी मशीन मिळालं ते दुरुस्तीवाल्या मिस्त्रीकडे. मधल्या आकाराचं, रंग उडालेलं, आखूड पट्टीचं. कुण्या माळ्याने ठेवलं होतं विकायला. मिस्त्रीने कसलाही आव न आणता मागच्या अंगणात एक वाळका ओंडका दाखवला आणि म्हणाला, "घाला की." वस्तादने घातलं. मशीन न कुरकुरता खाली उतरलं आणि भुसा भरभरून बाहेर पडला, जाड आणि लांबट, धार चांगली असल्यावर पडतो तसा. दोरवालीने मशीन हातात घेऊन मनगटाने दांडी ढकलली. खट्! चेन थांबली. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मिस्त्री हसला, "झिजवाल हो बाई!" वस्तादने मात्र एकच गोष्ट विचारली. "ह्याला हादरे कितपत आहेत?" मिस्त्री म्हणाला, त्यातल्या त्यात कमी आहेत. सौदा ठरला. येताना दोरवालीने मशीन स्वतःच्या मांडीवर ठेवून आणलं. पिशवी रिकामी झाली होती, पण ती खुशीत होती.

कामाच्या दिवशी ती आधी शाळेत पोचली. शिडी लावून वर चढली, शेंड्याकडे दोर बांधला, खाली येऊन पलीकडच्या खोडाला वेढा दिला. वर्गाची बाकं मोठ्या बाईंनी बाहेर काढून ठेवली होती. वस्ताद मागून मशीन घेऊन आला, बुंध्याशी वाकला आणि पहिली खाच घ्यायला लागला. मशीन चांगलं ओरडत होतं. दोरवाली वर शेंड्याकडे बघत होती, बघता बघता तिने सहज खाली नजर टाकली.

दांडी नव्हती.

तिने हातातला दोर सोडून दिला. धावत गेली आणि मशीनचं बटण बंद केलं. अंगणात एकदम शांत झालं.

"कुठाय?"

वस्ताद मशीन खाली ठेवायला लागला.

"दांडी कुठाय विचारतेय मी! त्या कापणाऱ्यांच्या कळपात नाक वर करून फिरायला काढलीत ना? मर्द ना तुम्ही! माझ्या दादाचं तोंड रोज बघता, त्याच्या तोंडात चमचा धरता आणि त्याच घरात तेच दोन स्क्रू काढता? मी मूर्ख म्हणून दुकानं पालथी घातली? शोभा करून घेतली स्वतःची बाजारात, ती कशासाठी? आणि सांगायचंही नाही? चोरासारखी काढलीत?"

"मध्ये येते," वस्ताद पुटपुटला.

"काय मध्ये येतं! सगळ्यांचं एकच तुणतुणं!"

"अगं खरंच मध्ये येते!" तो एकदम ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काल परसात चालवून बघितलं. डावा हात पुढे सरकतो आणि दांडीला लागतो. दर वेळी चेन थांबते. हात सरकला हे मला कळतच नाही."

"कळत नाही म्हणजे?"

त्याने हातमोजा काढला. डाव्या हाताची बोटं टोकापासून पांढरीफटक पडली होती, रक्त नसल्यासारखी. वर्षानुवर्षं मशीनचे हादरे खाऊन त्या बोटांतली जाणीव गेली होती. शर्ट सोडून हल्ली तो नुसते गोल गळ्याचे सदरे घालत होता, उकडतं म्हणून. उकडतं कसलं! त्याला बटणं लावता येत नव्हती. दोरवालीच्या हे आता ध्यानात आलं आणि तिचा संताप दुप्पट झाला.

"किती दिवसांपासून?"

"बरेच."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? तोंड फाडून घ्यायला तयार, पण तोंड उघडायला नाही! मी तिकडे इंजिन बघतेय, पट्टी बघतेय, दांडी ढकलून ढकलून बघतेय, आणि तुम्ही शेजारी हात खिशात घालून उभे! जनावर तरी लंगडतं हो, कळतं तरी!"

"कापणाऱ्याचे हात गेले तर राहिलं काय त्याचं?" वस्ताद म्हणाला.

"मी राहिले असते!" ती किंचाळली. "की मी फक्त दोराला?"

आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या. "काय झालं? मशीन बिघडलं का?" त्यांनी विचारलं, अर्थात वस्तादला.

दोरवालीने तोंड उघडलं. बिघडलं म्हणून सांगणार होती ती. काही झालं तरी चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायचं नव्हतं तिला. पण तिच्या आधी वस्तादच बोलला.

"मशीन उत्तम आहे, बाई. माझे हात गेलेत. मला आता हे झाड कापता यायचं नाही."

मोठ्या बाई गोंधळल्या. त्यांनी एकदा झाडाकडे, एकदा छपराकडे पाहिलं. "मग मला दुसऱ्या टोळीला बोलवावं लागेल."

"बोलवा," दोरवाली म्हणाली. "खाच वरवरची आहे, त्याने झाड हलत नाही. पण तोवर छपराखाली चिटपाखरू फिरकू देऊ नका. आणि त्यांच्या मशीनला ब्रेक आहे का ते बघून बोलवा. नसेल तर तुमच्या अंगणात कुणाचं तोंड फुटेल, मग मुलं यायच्या आत रक्त पुसत बसा."

बाई आत गेल्या. काम गेलं. ज्या कामासाठी पिशवी रिकामी केली तेच गेलं, आणि दोरवालीला आता त्याचं काही वाटेना. ती वस्तादसमोर जमिनीवर बसली. त्याचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि करंगळी नखाने जोरात दाबली.

"लागतंय?"

"नाही."

पुढचं बोट. "हे?"

"नाही."

"हे?"

"नाही."

तिने त्याच्या अंगठ्याजवळच्या बोटात नख रुतवलं. "आणि हे?"

"थोडंसं."

"ह्या एका बोटावर तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत एवढं झाड पाडणार होतात," दोरवाली म्हणाली. तिचा आवाज फाटला आणि तिला रडू फुटलं, तरी ती ते बोट दाबतच राहिली. "आणि मी दोर ओढला असता. मीच ओढला असता!"

वस्तादने उजव्या हाताने खिशातून दांडी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने डोळे पुसले, मशीन जवळ ओढलं आणि स्क्रू लावायला घेतला.

"आधी खालचा," वस्ताद म्हणाला. "वरचा आधी आवळलास तर दांडी तिरपी बसते."

"उद्यापासून मी कापणार. छोटी झाडं आधी. तुम्ही उभं राहून सांगायचं."

"माझं ऐकशील?"

"ऐकणार नाही," दोरवाली म्हणाली आणि खालचा स्क्रू आवळायला लागली. "पण तुम्ही सांगायचं. गप्प बसायचं नाही."